पट्टी ‘निगेटिव्ह’, म्हणजे सुटला असे नव्हे

महोदय,

‘आइस’ म्हणजे मेथॅम्फेटामाइन. पुण्यात ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते मेफेड्रोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभला पोलिसांच्या छाप्यात सापडले ते दुसरे, म्हणजे मेफेड्रोन. बोलण्यात दोन्ही एकाच पुडीत बांधली जातात, पण फरक लघवीच्या तपासणीत नडतो. मेथच्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन बहुधा उमटत नाही आणि घरचे निर्धास्त होतात.

अफूच्या नशेला ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी आहे. मेथसाठी तशी मान्यताप्राप्त गोळी नाही. मेथ बंद झाल्यावर पहिला आठवडा पेशंट झोपतो आणि खातो, म्हणून सुधारल्यासारखा वाटतो. ओढ मात्र पुढे कित्येक आठवडे टिकते. उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. पंधरा दिवसांत डिस्चार्ज देऊन भागत नाही ते यामुळे.

सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय बिनगोळीचा आहे. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची, कारण मेथ साधारण दोन-चार दिवसच सापडते. साफ आली की लगेच किराण्याचे कूपन. सलग साफ आली तर रक्कम वाढवायची, चुकली की पुन्हा पहिल्या रकमेवर. कूपन महिनाअखेरीस दिले तर परिणाम ओसरतो. ‘नशेकऱ्याला बक्षीस कशाला?’ ही कुरकुर होणारच. तरी महापालिकेने निदान एका दवाखान्यात हे करून पाहावे.

आणि एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम ६४-अ चौकीचौकीत ठळक लावावे: अल्प प्रमाणात (मेथ २ ग्रॅमपर्यंत) सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यातून सूट मिळते. खाली १४४४६ हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांकही द्यावा.

– एक वाचक, पुणे