डेड स्टॉकमधला प्रोजेक्टर आणि उलटा ‘अ’

मा. मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कपाटावर एक जुना एलसीडी प्रोजेक्टर तीन वर्षं पडून आहे. त्याचा दिवा गेलाय. मुलांना होलोग्राम करून दाखवायला मला त्याच्या पोटातला नखाएवढा काचेचा चौकोन हवा होता. पण डेड स्टॉक रजिस्टरात नोंद असलेल्या वस्तूला निर्लेखनाआधी, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढून टाकण्याआधी, पाना लावता येत नाही, आणि निर्लेखन झालं की ती थेट भंगारात. शेवटी जुन्या बाजारातून तसलाच एक बिघडलेला प्रोजेक्टर पदरच्या पैशांनी आणला.

होलोग्राम म्हटलं की आपल्याकडे दारूच्या बाटलीवरचं चकाकतं लेबल आठवतं, नाहीतर सभेच्या मंचावर अवतरणारा नेता. दुसरा तर बहुतेकदा होलोग्राम नसतोच, तो तिरक्या पारदर्शक पडद्यावरच्या प्रतिबिंबाचा जुना रंगमंचीय खेळ. खऱ्या होलोग्राममध्ये वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशलहरींची कला (फेज), म्हणजे लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते, नोंदलेली असते. डेनिस गाबोर यांनी हे १९४८ साली मांडलं. नोबेल मिळायला १९७१ उजाडलं. १९६६ मध्ये ब्राउन आणि लोमान यांनी त्यातून वस्तूच काढून टाकली. नक्षीचा हिशोब संगणकाने केला, प्लॉटरने ती रेखाटली आणि कॅमेऱ्याने लहान केली. आता ती नक्षी पिक्सेलांच्या पडद्यावर उमटवतात. त्याला स्पेशियल लाइट मॉड्युलेटर म्हणतात. नवा घ्यायचा तर कित्येक लाख मोजावे लागतात. जुन्या एलसीडी प्रोजेक्टरात मात्र त्याचे तीन गरीब भाऊबंद असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी एकेक.

दिवा नसला की प्रोजेक्टर चालूच होत नाही, म्हणून आधी त्याला फसवावं लागलं. मग रिबन न तोडता चौकोन बाहेर काढला, लेसर सोडला आणि लॅपटॉपवरून मुलांनी हिशोबाने काढलेली नक्षी पाठवली. लॅपटॉपच्या पडद्यावर नुसती करड्या ठिपक्यांची वाळू. भिंतीवर मात्र ‘अ’ उमटला. मधोमध डोळे दिपवणारा ठिपका आणि त्याच्या पलीकडे दुसरा ‘अ’, उलटा. “सर, हा कुठून आला?” टी.वाय.च्या एका मुलीने विचारलं. फूरिए रूपांतर, म्हणजे नक्षीवरून भिंतीवरचं चित्र सांगणारं गणित, मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवतोय, हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या एकाने अर्धा चौकोन पुठ्ठ्याने झाकला. अक्षर अर्धं झालं नाही, नुसतं धूसर झालं. त्या दिवशी शिपाई कुलूप घेऊन आला तरी कुणी हललं नाही.

या पडद्यांना मर्यादा आहेत, हेही मुलांनीच काढलं. चांगल्या मॉड्युलेटरचा पिक्सेल ८ मायक्रॉनचा धरला, तर हिरवा प्रकाश जेमतेम चार अंशांच्या शंकूत पसरतो. साठ अंशांतून दिसणारा, दहा सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच पडदा हवा असेल, तर पिक्सेल त्याहून फार बारीक हवेत आणि ते सुमारे ३,५०० कोटी लागतील. घरच्या फोर-के टीव्हीत ८३ लाख असतात. ही दरी कशी बुजवायची यावरच आज जगभर काम चाललंय, आणि त्यातलं बरंच उघड्यावर आहे. स्टॅनफर्डच्या गटाने २०२० मधल्या न्यूरल होलोग्राफीचा, म्हणजे शिकवलेल्या संगणकी जाळ्याकडून होलोग्रामची नक्षी काढून घेण्याचा, कोड खुला ठेवला. एमआयटीच्या गटाने ४,००० प्रतिमांच्या जोड्यांवर शिकवलेलं तसलंच जाळं २०२१ मध्ये मांडलं. त्याला एक मेगाबाइटही मेमरी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाची ‘ओडाक’ ही लायब्ररीही, म्हणजे अशा हिशोबांच्या तयार प्रोग्रामांचा संच, फुकट उतरवून घेता येते. आमच्या मुलांनी ती साध्या लॅपटॉपवर चालवली. चालवायला जमलं, पण सूचना वाचताना इंग्रजीत अडखळले. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा आहे, तर या विषयाची चाळीस पानांची प्रयोगपुस्तिका मराठीत का नसावी? कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, मानधन नको, फक्त कुणी तपासून छापावा.

प्रत्येक विद्यापीठात एक खरा मॉड्युलेटर असावा आणि संलग्न महाविद्यालयांना तो पाळीपाळीने वापरता यावा, हेही मागणं आहे. त्याला निधी लागेल, वेळ लागेल, हे कळतं.

पण प्रोजेक्टरच्या पहिल्या गोष्टीला एक परिपत्रक पुरे. त्यात एवढंच हवं: “निर्लेखनास पात्र एलसीडी प्रोजेक्टर भंगारात देण्यापूर्वी त्यांतील पॅनेल प्रयोगशाळेच्या वापरासाठी काढून घेण्यास विभागप्रमुखांस मुभा राहील.”

आपला,
एका अनुदानित महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा शिक्षक