‘इंटरस्टेलर’चे विज्ञान टिकले, भाषण नाही

महोदय,

२०१४ साली ‘इंटरस्टेलर’ हा अंतराळप्रवासाचा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आमच्या कट्ट्यावर सरळ दोन तट पडले. काहींना तो थोर वाटला, काहींना १६९ मिनिटांचे पाल्हाळ. २०२५च्या फेब्रुवारीत तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि भांडणही नव्याने सुरू झाले! विज्ञानाच्या बाजूने तो आता अधिक भक्कम वाटतो. त्याचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींवरील (म्हणजे स्थळकाळात उठणाऱ्या तरंगांवरील) कामासाठी नोबेल विभागून मिळाले. त्या लहरी उपकरणांतल्या गोंगाटातून हुडकायच्या कशा, यावर पुण्यातल्या आपल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात संजीव धुरंधर यांनी कितीतरी आधी काम केले होते, हे पुणेकरांनी तरी विसरू नये.

२०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा आली. तिच्यातले प्रकाशाचे कडे एका बाजूला अधिक उजळ आहे. चित्रपटातल्या कृष्णविवराभोवती मात्र ते दोन्हीकडे जवळपास सारखेच, कारण प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून दिग्दर्शक नोलन यांनी तो फरक मुद्दाम गाळला. ही तडजोड मला मान्य आहे. प्रेम स्थळकाळाच्या मिती ओलांडते, हे एका शास्त्रज्ञ स्त्रीच्या तोंडी घातलेले भाषण मात्र तेव्हाही खटकले, आजही खटकते. (आमच्यातले काही जण नेमके तिथेच डोळे पुसतात, तो भाग वेगळा.)

‘आयुका’ने एखाद्या शनिवारी हा चित्रपट दाखवून त्यावर अभ्यासकांची प्रश्नोत्तरे ठेवावीत, आणि तीही मराठीतून.

– एक वाचक, कोथरूड, पुणे