निवृत्त कृषितज्ज्ञांना परदेशी जरूर पाठवा, पण प्रश्न तिथल्या शेतकऱ्याचा असू द्या

महोदय,

अमेरिकेची परदेशी मदत जानेवारी २०२५ मध्ये रोखली गेली आणि १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ ही यंत्रणा स्वतंत्र संस्था म्हणून संपली, याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वत्र आल्या. औषधे आणि धान्य थांबल्याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र त्याच तडाख्यात खंडित झालेल्या एका लहानशा योजनेबद्दल मराठीत काही लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही. कृषिविस्ताराच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती योजना महत्त्वाची वाटते, कारण तिच्यापासून महाराष्ट्राने काही घेण्यासारखे आहे आणि काही टाळण्यासारखेही आहे.

‘फार्मर टू फार्मर’ या नावाची ही योजना अमेरिकेच्या १९८५ च्या शेती कायद्यातून प्रत्यक्षात आली. ज्या पीएल-४८० कायद्याखाली साठच्या दशकात आपल्याकडे अमेरिकन गहू येत असे, त्याच कायद्याच्या निधीचा एक छोटा हिस्सा तिच्यासाठी राखून ठेवला गेला. (त्या गव्हाच्या पोळ्या खाल्लेल्या पिढीला हा तपशील विशेष वाटेल.) अमेरिकेतील शेतकरी, पशुवैद्य, निवृत्त प्राध्यापक, सहकारी संस्थांचे व्यवस्थापक यांनी साधारण दोन ते चार आठवडे दुसऱ्या देशात जायचे, तिथल्या शेतकरी गटाच्या किंवा संस्थेच्या एखाद्या अडचणीवर काम करायचे आणि परत यायचे, असे तिचे स्वरूप होते. प्रवास आणि राहण्याजेवण्याचा खर्च योजनेतून होई, मानधन मात्र नसे. पुढे या योजनेला जॉन ओगोनोव्स्की यांचे नाव जोडले गेले. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवल्या गेलेल्या पहिल्या विमानाचे ते कॅप्टन होते. मॅसॅच्युसेट्समधील ड्रेकट या गावी त्यांची शेती होती आणि कंबोडियातून आलेल्या निर्वासितांना भाजीपाला पिकवण्यासाठी त्यांनी आपली जमीन आणि मदत देऊ केली होती. नेदरलँड्समध्ये ‘पम’ ही संस्था १९७८ पासून आणि जर्मनीत ‘सीनियर एक्स्पर्टेन सर्व्हिस’ १९८३ पासून अनुभवी, बहुतांशी निवृत्त तज्ज्ञांना अशाच अल्पमुदतीच्या कामांवर पाठवत आली आहे.

दोन आठवड्यांत शेतीतले काय सुधारणार, ही शंका रास्त आहे. उत्तर प्रश्नावर अवलंबून असते. ‘आमची शेती सुधारून द्या’ अशी मागणी असेल तर दोन आठवडेच काय, दोन वर्षेही अपुरी पडतील, आणि असा तज्ज्ञ भाषणे देऊन, छायाचित्रे काढून परत येईल. प्रश्न मात्र ‘घरात साठवलेल्या मक्याला बुरशी का लागते’ इतका नेमका असेल, तर दोन आठवडे पुरेसे होऊ शकतात. हा प्रश्न किरकोळ नाही. २००४ मध्ये पूर्व केनियात ओलसर मका घरात साठवल्याने त्यावर वाढलेल्या बुरशीच्या विषामुळे, म्हणजे अफ्लाटॉक्सिनमुळे, ३१७ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि त्यांतले १२५ दगावले. अशा ठिकाणी गेलेल्या जाणकाराला महागडी उपकरणे लागत नाहीत. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि मक्याचे दाणे घालून बाटली हलवायची आणि थोडा वेळ ठेवायची. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे आणि तो साठवणीस योग्य नाही, एवढे शिकवायला एक सकाळ पुरते. दाणा पुरेसा वाळला की मग हवाबंद पिशवीचा विषय काढता येतो. आत पॉलिथिनचे दोन जाड थर आणि बाहेर विणलेले पोते, अशी ही तीन थरांची पिशवी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी विकसित केली. आतला प्राणवायू संपत आला की भुंगे खाणे थांबवतात आणि वाढत नाहीत. ओला मका त्याच पिशवीत बांधला तर मात्र तो आतल्या आत खराब होतो. हा क्रम समोर बसून, दाणे हातात घेऊन समजावणारा माणूस छापील पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव सांगतो.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आपल्या द्राक्षपट्ट्यात परदेशी सल्लागार येतात. अशाच एकाबरोबर मी दुभाषा म्हणून काही बागा फिरलो होतो. त्यांचे वेलीबद्दलचे ज्ञान खोल होते. पण ते थंडीत वेल झोपी जाणाऱ्या प्रदेशातले होते, आणि एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालवण्याची आपली रीत त्यांना पहिले काही दिवस चुकीचीच वाटत होती. परतीच्या पावसात डाऊनी या बुरशीजन्य रोगाने घड जातात तेव्हा बागायतदार काय करतो, हे त्यांना कळेपर्यंत त्यांची परतीची तारीख आली. त्यांचा दोष नव्हता. प्रश्न आधी लिहून पाठवलेला नव्हता, आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा येणार नव्हते.

म्हणून मला उलट्या दिशेने विचार करावासा वाटतो. टांझानियातील डोडोमा भागात द्राक्षे होतात आणि तिथे वर्षाला दोन पिके घेतली जातात. उष्ण प्रदेशात वेलीला विश्रांती कशी द्यायची, वेलीच्या डोळ्यांत घड आकार घेतात त्या, म्हणजे सूक्ष्म घडनिर्मितीच्या, काळात पाणी किती तोडायचे, हे तिथल्या लहान बागायतदाराला सांगायला थंड देशातल्या प्राध्यापकापेक्षा निफाड किंवा तासगावचा मुरलेला बागायतदार अधिक योग्य ठरेल. आणि दोन पिके कशी बसवतात हे पाहून तोही काही शिकून येईल. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या निवृत्तांमध्ये रोगशास्त्र, मृदशास्त्र, पशुसंवर्धन, काढणीपश्चात तंत्र जाणणारे, अजून चालते-फिरते असलेले किती तरी जण आहेत.

भारत सरकारचा ‘आयटेक’ हा इतर देशांशी तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम १५ सप्टेंबर १९६४ पासून चालू आहे आणि तज्ज्ञ परदेशी पाठवण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र तो मुख्यतः इथे बोलावून प्रशिक्षण देणारा आणि सरकारकडून सरकारकडे चालणारा कार्यक्रम आहे. निवृत्त कृषी सहायकाने किंवा पदवी नसलेल्या प्रगतिशील शेतकऱ्याने स्वतःहून नाव नोंदवावे अशी त्याची घडण नाही. ती सोय राज्याने चारही विद्यापीठांमार्फत करावी.

यावर लगेच आक्षेप येईल की इथला शेतकरी आत्महत्या करतो आणि तुम्ही तज्ज्ञ आफ्रिकेत पाठवता. आक्षेपातली वेदना खरी आहे, म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. मी तर अशी अटच सुचवेन की निवृत्तीनंतर स्वतःच्या तालुक्यात किमान दोन हंगाम विनामूल्य बांधावर गेलेल्यालाच बाहेर पाठवावे. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की ज्ञान फक्त इथून तिकडे जात नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये पोहोचली आणि भारतात ती २०१८ मध्ये, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सापडली. त्या दोन वर्षांत आफ्रिकेतले लहान शेतकरी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, माती, वाळू किंवा राख टाकण्यापासून अंडीपुंज वेचून चिरडण्यापर्यंत अनेक उपाय करून पाहत होते. तेव्हा आपले दहा-वीस कीटकशास्त्रज्ञ आणि मका उत्पादक तिथल्या शेतांत पंधरवडाभर राहून आले असते, तर सोलापूरच्या शेतकऱ्याला पहिल्या हंगामात मिळेल ते औषध फवारत बसावे लागले नसते.

अटी आणखीही हव्यात. जाणारा माणूस कोणत्याही बियाणे, खत वा औषध कंपनीचा पगारी सल्लागार नसावा. विनामोबदला कामाचा मुख्य फायदाच हा की सांगणाऱ्याला काही विकायचे नसते, आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून मिळणाऱ्या सल्ल्याची किंमत आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. तिथला स्थानिक विस्तार कर्मचारी पूर्ण काळ सोबत असावा, कारण आपण निघाल्यावर मागे राहणारा तोच आहे. पीतज्वराची लस आणि विमा या गोष्टी नेहमीच्याच. पण बुटांची माती धुऊन, निर्जंतुक करूनच शेतात उतरण्याची आणि शेत सोडण्याची शिस्त मात्र सक्तीची हवी. केळीचा टीआर-४ हा मररोग २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये आढळला, आणि जळगावच्या केळी पट्ट्यात तो अशा पाहुण्याच्या पायांनी येणे आपल्याला परवडणारे नाही.

शेवटची सूचना खर्चाविषयी. पहिल्या भेटीला मंजुरी देतानाच त्याच व्यक्तीच्या त्याच गावातील दुसऱ्या भेटीचा खर्च बाजूला काढून ठेवावा, आणि ती भेट पुढच्या हंगामातील काढणीच्या वेळी व्हावी. दोन्ही भेटींचे अहवाल मराठीत लिहून विद्यापीठाने सर्वांसाठी खुले करावेत, आणि सल्ला जिथे चालला नाही ते प्रकरण त्यात आधी छापावे. सुरुवात दोन देश आणि दोन पिके, म्हणजे मक्याची साठवण आणि द्राक्षे, एवढ्यावरच करता येईल. राज्याच्या कृषी विभागाने व चारही विद्यापीठांच्या कुलगुरूंनी याबाबत काय विचार आहे, ते आपल्या दैनिकातून सांगावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषिविस्तार प्राध्यापक, अहिल्यानगर