दादा, तुझ्या नियमाने आधी आजीच कटाप

लिस्बन, रविवार

दादा,

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर तू नेहमीसारखा अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम लांबलचक लिहितेय, आईलाही वाचून दाखव.

चतुर्थीला गोव्यात, पेडण्यात जमलात तेव्हा तू म्हणे बोललास, मत फक्त ग्रॅज्युएट आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनाच पाहिजे, अंगठाछापांनी वाट लावली. आणि हे आजीच्या ओसरीवर बसून, तिच्याच हातच्या नेवऱ्या खात! तिला सही येत नाही, टॅक्स ती भरत नाही (साबणावरचा जीएसटी कोण भरतं ते जाऊ दे).

अरे, हा प्रयोग इथे करून झालाय. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषाला मत, येत नसेल तर किमान 100 एस्कुदो (इथलं तेव्हाचं चलन) टॅक्स, आणि बाईला मात्र नुसतं लिहिता-वाचता येऊन भागायचं नाही, वरचं शिक्षण पाहिजे. त्याच्याही आधी 1911 ला कारोलिना बेआत्रिज आंजेलु या डॉक्टरीणबाईने कायद्यात ‘पुरुष’ असं कुठे लिहिलंय म्हणून कोर्टातून हक्क मिळवला आणि मत टाकलं, तर 1913 ला सरकारने कायद्यात तो शब्दच घालून टाकला. नको असलेला माणूस आधी ठरतो रे, अट मागून येते. आणि सालाझार स्वतः कोइंब्राचा प्रोफेसर, 1932 पासून 36 वर्षं खुर्चीला चिकटला.

तिकडे गोवा 1961 ला सुटला आणि 1963 च्या पहिल्या निवडणुकीत आजीसारख्या कुळांनी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला निवडून आणलं, भाटकार (जमीनमालक) बघत राहिले. पुढच्याच वर्षी कूळ कायदा आला, गावागावात मराठी शाळा निघाल्या, आई त्यातल्याच एका शाळेत शिकली. आधी शिका मग मत द्या म्हटलं असतं तर शाळा काढली कोणी असती?

1967 च्या ओपिनियन पोलला, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा यावरच्या मतदानात, आजीने महाराष्ट्रात जायचं म्हणून फुलाला मत दिलं. दोन पानं, म्हणजे वेगळं राहायची निशाणी, 34,021 मतांनी जिंकली. हरलो तर हरलो म्हणाली, विषय संपला. (फूल जिंकलं असतं तर हद्दीवरचा पत्रादेवीचा चेकनाका गेला असता आणि तुझी स्वस्तातली बाटली पण.)

मी बघ, शिकलेली, टॅक्स कापूनच पगार हातात येतो, पण इथली नागरिक नाही म्हणून मत नाही. मतदान रविवारी असतं, खालच्या मजल्यावरची म्हातारी नटून जाते आणि मी कपडे वाळत घालत असते. आपल्याकडच्या यादीत नाव आहे, पण त्यासाठी तिकडे यावं लागतं.

आजी 86 ची झाली, आता घरबसल्या मत देता येतं, पण तिला बूथवरच जायचंय, नवं लुगडं नेसून. मामाची कंबर गेलीय. तेव्हा पुढच्या इलेक्शनला बांद्याहून गाडी घेऊन तूच जा, आणि वाटेत तिला ज्ञान पाजू नकोस.

तुझी,
छोटी