दिग्यास, पुढच्या ब्रेकसह

प्रिय दिग्या,

दोन महिने फोन नाही की पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या समोर आलास की घाल. आम्ही ठीक, आईचा गुडघा होता तसाच. उजवीकडे वळणारा गाडीवाला तुझ्या मोटरसायकलला आडवा आला, ते सगळं वहिनींकडून कळलं, आणि तुझं एकच वाक्य डोक्यातून जात नाही : "अरे, त्याने माझ्याकडे बघितलं होतं, सरळ डोळ्यांत!"

बघितलं असेलच. पण तू त्याला दिसला नव्हतास. उजवीकडे वळणारा माणूस घाईत मान फिरवतो. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारते, त्या क्षणात मेंदू काही टिपत नाही. त्यात समोरच्या काचेच्या कडेचा खांब. त्याच्यामागे ट्रक मावत नाही, मोटरसायकल आख्खी मावते. शिवाय तू सरळ त्याच्या दिशेने येत असलास की त्याच्या लेखी तू हलतच नाहीस, नुसता हळूहळू मोठा होत जातोस. (तसा तू लग्नानंतर होतोच आहेस.)

म्हणून त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकावर ठेव. चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो, त्यामुळे गाडी सुटली की आधी तिथे कळतं. अशी गाडी दिसली की आरशात बघून आपल्याच लेनमध्ये हातभर बाजूला सरक. आडवी हालचाल नजरेत भरते. वेग ५० वरून ४० वर आण. कोरड्या रस्त्यावर, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, ५० ला थांबायला साधारण ३० मीटर लागतात, ४० ला २१. दोन बोटं आधीच ब्रेकच्या लिव्हरवर असली आणि पाव सेकंद वाचला, तर ५० च्या वेगात आणखी साडेतीन मीटर पदरात.

मोबाइलात डोकं घातलेला मागूनही ओळखू येतो. रिकाम्या रस्त्यावर वेग उगाच कमी-जास्त, गाडी एका कडेला वाहत जाते आणि झटक्याने परत येते, रात्री चेहऱ्यावर खालून उजेड. दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ५० च्या वेगात तो २८ मीटर आंधळा जातो. त्याच्या शेजारी रेंगाळू नकोस : एकतर मागे राहा, नाहीतर झटकन पुढे जा. आणि तोच तुझ्या मागे असेल तर? सिग्नलला रांगेत शेवटी उभा असलास तर पहिला गिअर, क्लच दाबलेला, तोंड दोन गाड्यांमधल्या फटीकडे, डोळे आरशात. ब्रेकचा दिवा दोन-तीनदा उघडझाप कर.

उभ्या गाड्यांपासून हँडलचं टोक सव्वा मीटर लांब ठेव. मागचा दिवा नुकताच विझलाय, आत डोकं दिसतंय, म्हणजे दार उघडणार. रिक्षावाल्याबद्दल तुला काय सांगू, फुटपाथवर कुणी हात केला की तो डावीकडे गेलाच.

आता आपलं जुनं भांडण. खंबाटकी घाटात तू छातीठोकपणे म्हणाला होतास, पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून जातो. अरे शहाण्या, ब्रेक लागला की वजन पुढे येतं, म्हणून खरं थांबवतो तो पुढचाच! १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. तुझी २०१६ ची, म्हणजे सगळं तुझ्या बोटांवर. लिंबू पिळतोस तसा दाब : आधी हलका, फोर्क (पुढच्या चाकाचं शॉक-अप) बसला की जोरात, सोबत मागचा बेताने. पुढचं चाक घसरलं तर क्षणभर सोड, परत दाब. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतला ओलावा ओढतं, मग लांब उतारावर गरम झालं की लिव्हर स्पंजासारखी लागते. तुझं कधी बदललंय? नाना विचारत होता.

बढतीबद्दल अभिनंदन, पेढे बाकी आहेत. चिनूची दहावी ना यंदा? तिला तुझ्या मागे बसवत असशील तर तिचंही हेल्मेट आयएसआयचं घे, आणि पट्टा लावून.

रविवारी सकाळी सातला शाळेच्या ग्राउंडवर ये. ३० च्या वेगात वीस वेळा ब्रेक मारायचे. हँडलवरून गेलास तर मी हरलो, मिसळ माझ्याकडून.

तुझाच,
बाळ्या