पिशवीखाली पेपर

सांगली, 4 मे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तुझ्या खोलीतल्या मुलीला मी परस्पर फोन करून तुझ्या किडनीचं, घरीच पोटात पाणी सोडून करायच्या डायालिसिसचं सगळं सांगितलं, ते चुकलं. आजार कुणाला सांगायचा आणि कधी, हे तू ठरवायचं. आईही कालपासून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

मी फोन केला तो मांजरापायी. त्या मुलीचं मांजर तुझ्या पलंगावर येऊन झोपतं, असं तू बोलता बोलता म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळा आला. पोटातून बाहेर लोंबणारी नळी म्हणजे मांजराला खेळणंच. नख लागून सुईएवढं भोक पडलं तर डोळ्यांना दिसायचंही नाही, पण जंतूंना तेवढी वाट पुरते. एक्सचेंजच्या, म्हणजे पोटातलं पाणी बदलण्याच्या वेळी मांजर खोलीत नको, दार आतून लावलेलं हवं. खोक्यांवरही बसू देऊ नकोस.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो.

खोक्यांचं मात्र सांगायला हवं. दिवसाला 4 म्हणजे महिन्याला डायालिसिसच्या पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या 120 पिशव्या, नुसतं पाणीच 240 किलो. माल वर आणून देण्याचं गाडीवाल्याशी आधीच ठरव. तू एकही खोकं उचलायचं नाहीस, पोटात पाणी असताना वजन उचललं की हर्निया होतो. भिंतीला लावून ठेवू नकोस. पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या भिंतींना जूनमध्ये ओल येते, खाली फळी टाक. 10 दिवसांचा माल कायम शिल्लक हवा, पावसात घाट बंद झाला की गाड्या अडकतात.

पिशवी गरम करायला तो हीटिंग पॅडच वापर. घाई असली तरी गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही, कारण तोंडाशी पाणी राहतं आणि त्या पाण्यातून जंतू आत जातात. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, एक कोपरा उकळतो आणि दुसरा गारच राहतो. वेष्टनाच्या आत थोडा दमटपणा असतो, त्याला घाबरू नकोस. पिशवी दाबून बघ, थेंब आला तर बाजूला ठेव. तारीख, साखरेचे टक्के आणि पाणी स्वच्छ आहे का, हे तिन्ही दर वेळी बघायचं. शंभराव्या वेळीसुद्धा.

आणि पंखा. मेचा महिना आहे, खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. तुला पंखा बंद करवणार नाही हे मला कळतं. पण धूळ उडते ती नळीच्या उघड्या टोकावरच बसते. टोक उघडं असतं ते जेमतेम काही सेकंद, जोडताना आणि सोडवताना. तेवढ्यासाठी पंखा, खिडकी आणि दार बंद हवं. ड्रेनला, म्हणजे जुनं पाणी निघायला 20 मिनिटं लागतात, तोवर नळी जोडलेली असते, तेव्हा हवा तर पंखा लाव. सोडवायच्या आधी पुन्हा बंद. मास्क नाकावर, नाकाखाली नाही. हात मिनिटभर धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. ओल्या हातांवरून जंतू सहज सरकतात. हात धुतल्यावर फोन वाजला तर वाजू दे, माझा असला तरी. घेतलास तर हात पुन्हा पहिल्यापासून धुवायचे.

नवं पाणी पोटात सोडण्याआधी पाच आकडे मोजून ते रिकाम्या पिशवीत वाहू द्यायचं, हे तू कधी विसरत नाहीस. मिरजेच्या सिस्टर नव्या पेशंटना दाखवायला तुलाच बोलवायच्या. तू मोठ्यानं पाच मोजायचीस, आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या त्या कवठेमहांकाळच्या आजी तुझ्याबरोबर बोटं मोडत मोजायच्या. तो दिवस मला लख्ख आठवतो. रक्तातलं क्रिएटिनिन 9 झालं, म्हणजे किडनी गेली, हे ऐकून ज्या पोरीनं आठ दिवस भिंतीकडे तोंड करून काढले, ती दुसऱ्याला शिकवत होती.

टोक चुकून कशालाही लागलं, चादरीला, बोटाला, ओढणीला, तर जोडायचं नाही. क्लॅम्प बंद, नवी टोपी, आणि सरळ डायालिसिस सेंटरला. ते ट्रान्सफर सेट, म्हणजे नळीचा बाहेरचा जोड, बदलून देतात. टोपी एकदा काढली की ती गेली. आतल्या स्पंजाला आयोडिन दिसलं नाही तर नवीसुद्धा टाकून दे.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तेच लिहितो. गढूळ पिशवी ही पोटात जंतू गेल्याची खूण, ती दिसली तर एक तासही लपवू नकोस.

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी तू लपवलंस. घरात पाहुणे, आईनं सोळा भाज्यांचा घाट घातलेला, म्हणून पोट दुखत असताना तू हसत वाढत होतीस. सकाळची पिशवी तू न्हाणीघरात ओतून टाकलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 102. पुढं 21 दिवस पिशवीतूनच अँटिबायोटिक द्यावं लागलं. मी तुला तेव्हा रागावलो नाही, आताही रागवत नाही. पण तेव्हा शेजारच्या खोलीत आम्ही होतो. पुण्यात कुणाला दिसणार? त्या मुलीला फोन मी त्यासाठीच केला. पुन्हा तोच विषय निघाला, माफ कर.

पोटाच्या आतलं ते पातळ आवरण हाच तुझा फिल्टर आहे. प्रत्येक पेरिटोनायटिसनं, म्हणजे त्याला झालेल्या जंतुसंसर्गानं, ते थोडं जाड होत जातं, कामाला कमी पडत जातं. वारंवार झालं तर पोटातली नळी काढून आठवड्यातून तीनदा डायालिसिसच्या मशीनवर जावं लागतं, आणि मग ही नोकरी, ही खोली सगळं अवघड होईल. म्हणून पाणी निघालं की पिशवी छापलेल्या कागदावर ठेवून अक्षरं वाचायची. वाचता आली तर पाणी ठीक. धुरकट दिसली तर, पोट दुखत नसलं तरी, पिशवी ओतायची नाही. तीच घेऊन सेंटरला जायचं, त्यांना तपासणीला आणि कल्चरला, म्हणजे जंतू कोणता ते शोधायला, ती लागते. रात्रीचे दोन असले तरी. सकाळच्या पिशवीत कधी पांढरे धागे दिसतात ते फायब्रिन, त्याचा गढूळपणाशी गोंधळ करू नकोस, पण फोनवर कळव, नळी तुंबू शकते. पाळीच्या दिवसांत पाणी गुलाबी येऊ शकतं, त्यात बहुधा घाबरण्यासारखं काही नसतं, तरीही सिस्टरना सांगायचं. हे आईनं लिहायला सांगितलंय. तिनं आणखी एक सांगितलंय. त्या दिवसांत दुखतं म्हणून मैत्रिणीकडची गोळी घेऊ नकोस. मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी उरलीसुरली किडनीही जाते. तुला अजून दिवसाला 600 मिली लघवी होते, आणि ती 600 मिली एखाद्या जास्तीच्या पिशवीपेक्षा मोलाची आहे. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून.

वही लिहितेस ना? आत 2000 मिली सोडलं आणि 2300 निघालं तर 300 जास्तीचं. चारही वेळांची बेरीज आणि सकाळचं वजन एका ओळीत. वजन दोन दिवसांत दीड किलो वाढलं किंवा घोट्यावर बोट दाबून खड्डा राहिला की जास्त साखरेची हिरवी पिशवी लावायची का, हे डॉक्टर सांगतील. मनानं सर्वांत जास्त साखरेची लाल लावू नकोस. लाल पिशवीत साखर जवळजवळ 85 ग्रॅम असते आणि त्यातली बरीचशी अंगात जाते. पाणी ओढून काढायला ती लागते खरी, पण रोज लावली तर आवरणालाही ती सोसत नाही. पाणी कमी निघालं तर आधी नळीला पीळ पडलाय का बघ, मग कूस बदल, थोडी चाल. बऱ्याचदा दोष पोट साफ नसण्याचा असतो. आतडं भरलं की नळीचं टोक दाबलं जातं. तुला शौचाला दोन दिवस झालं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

डब्यातल्या जेवणात प्रथिनं कमीच असतात. पाण्याबरोबर रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिनं वाहून जातात, ती अंड्याच्या पांढऱ्यानं भरून काढ. तीन अंडी उकडायला दहा मिनिटं लागतात. पिवळा त्या मांजराला घाल. फॉस्फरस अडवणारी गोळी जेवताना, जेवणानंतर नाही. मालूमावशी कोकणातून करमलं (स्टारफ्रूट) पाठवेल, ती तू अजिबात खायची नाहीस. किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर त्यांचा परिणाम होतो, माणूस बेशुद्ध पडतो. तिला सांगून झालंय, पण तिच्या लक्षात राहत नाही.

नोकरीबद्दल तुला मी अजून नीट काही म्हटलेलंच नाही. मुलाखतीत तू स्वतःहून सांगितलंस की दुपारी बारा वाजता तुला अर्धा तास एक बंद खोली लागेल, आणि त्यांनी ती दिली. हे मी कुणाकुणाला सांगितलंय ते लिहीत नाही, परत चिडशील. पण ती खोली झेरॉक्स मशीनची असेल तर दुसरी माग. यंत्राच्या पंख्यातून सतत वारा आणि कागदाची भुकटी उडते. मी 31 वर्षं छापखान्यात काढली, ती भुकटी कुठं कुठं जाऊन बसते ते मला ठाऊक आहे.

प्रत्यारोपणाचं. पुण्याच्या विभागीय केंद्राच्या यादीत नाव आहे, पण त्या नोंदीत अजून सांगलीचाच लँडलाइन आहे. रुग्णालयाच्या कोऑर्डिनेटरकडून तुझा मोबाइल घालून घे, हे या आठवड्यात. रक्तगट O, त्यामुळे वाट लांब आहे. आईचा A, माझी साखर, म्हणून आमची किडनी तुला सरळ चालत नाही. पण अदलाबदलीची वाट 2011 च्या दुरुस्तीनं कायद्यात आली आहे. ज्या घरात देणारा O आणि घेणारा A आहे, पण आपापसात जुळत नाही, अशा घराशी आईची जोडी लागू शकते. आईचे सगळे रिपोर्ट मी नव्यानं फाइलला लावलेत. तिनं स्वतःच सांगितलं लावायला. तू नको म्हणालीस तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ भांडी घासत राहिली होती. एवढं फक्त तुला माहीत असू दे.

तुझ्या खोलीवर पेपर येत नाही, म्हणून पाकिटात एक पान ठेवलंय. बाजारभावाचं आहे, हळद, बेदाणा, गूळ. पेपरातलं सर्वांत बारीक टाइप तिथंच असतं. लॅमिनेट करून आणलंय, स्पिरिटनं पुसता येईल. पिशवी त्यावर ठेव आणि राजापुरी हळदीचा भाव वाच.

फोन करायचा नसेल तर करू नकोस. सकाळची पिशवी झाली की आईच्या मोबाइलवर तो भाव टाक, नुसता आकडा. मला कळेल.

तुझा,
बाबा