विमानाखाली उभ्या असलेल्या माणसाचंही ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानात बिघाड झाल्याची बातमी आली की चर्चा वैमानिक, इंजिनीअर आणि विमान बनवणारी कंपनी यांच्याभोवती फिरते. विमानाच्या पोटाखाली काम करणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मुंबई विमानतळावर मी सव्वीस वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या मोकळ्या जागेवर, काढली, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

विमान बेवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागी, लागल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत त्याच्या सगळ्यात जवळ असतात ते सामान चढवणारे लोडर, विमान आणि सामानाच्या गाड्या ओढणारे टग चालवणारे, चाकांना चोक म्हणजे अडकण लावणारे. वैमानिक आणि इंजिनीअर विमानाभोवती फेरी मारून तपासणी करतात हे खरं. पण त्यांची फेरी झाल्यावरही सामान चढत असतं, गाड्या विमानाला खेटून उभ्या असतात.

जुलैतली एक रात्र आठवते. पाऊस नुकताच थांबला होता, एप्रनवर (रॅम्पलाच आम्ही एप्रनही म्हणतो) पाणीच पाणी. मागच्या होल्डमध्ये बॅगा लावून उतरलेला एक कंत्राटी मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, त्या चाकापाशी जांभळट काहीतरी ठिबकतंय." ओल्या एप्रनवर तेलाचे तवंग नेहमीच दिसतात, मी एकटा असतो तर पुढे निघून गेलो असतो. पण त्याने टॉर्च धरून थेंब कुठून पडतोय ते पाहून ठेवलं होतं. ब्रेकसारखे भाग दाबाने चालवणारं हायड्रॉलिकचं तेल जांभळं असतं. इंजिनीअरला बोलावलं, तर ब्रेकच्या नळीचा जोड गळत होता. दुरुस्ती झाली, विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ऑफिसात बोलावून विचारण्यात आलं, "तुझं काम बॅगा चढवायचं की विमान तपासायचं?" पुढच्या महिन्यात त्याचा विमानतळावर प्रवेशाचा पास नूतनीकरणासाठी पाठवलाच गेला नाही. मी त्याच्यासाठी भांडायला हवं तेवढं भांडलो नाही, ही खंत अजून जात नाही. त्याच्याबरोबरच्या पोरांनी मात्र धडा घेतला. त्यानंतर कित्येक महिने आमच्या शिफ्टमधून कुणी काही सांगायला आलं नाही.

न सांगण्याने काय होतं, ते अमेरिकेत २००५ च्या डिसेंबरमध्ये दिसलं. सिएटलला एका कर्मचाऱ्याच्या हातून सामानाच्या गाडीचा धक्का विमानाला लागला आणि त्याने तो लगेच कुणाला सांगितला नाही. विमान सुमारे २६,००० फुटांवर गेल्यावर त्याच जागी पत्रा फाटून फूटभर लांब आणि अर्धा फूट रुंद भोक पडलं. केबिनमधला हवेचा दाब गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं म्हणून सगळे वाचले.

ते विमान ॲल्युमिनियमचं होतं. पत्र्याला पोचा तरी पडतो. आजच्या ड्रीमलायनरच्या (बोइंग ७८७ विमानाच्या) वजनात निम्मा भाग कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिटचा असतो. त्याला गाडीचा दणका बसला तर बाहेरून जेमतेम खूण दिसते, आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. अशा वेळी धक्का लागला हे त्या ड्रायव्हरशिवाय कुणालाच माहीत नसतं. त्याने तोंड उघडलं नाही तर तपासणार कोण आणि कुठे?

आणि त्याने तोंड उघडावं अशी त्याची परिस्थिती आहे का? जुलै २०२४ मध्ये कलिन्याला अशाच कामाच्या सुमारे २,२०० जागांसाठी हजारो तरुणांची रेटारेटी झाली, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. आपल्या जागेवर यायला बाहेर एवढी रांग आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो "माझ्याकडून धक्का लागला" असं म्हणायला कचरणारच.

अमेरिकेत १९७६ पासून नासा अशा गोष्टी गुप्तपणे कळवण्याची एक व्यवस्था चालवते. अर्जावरची नावाची पट्टी फाडून कळवणाऱ्याला परत पाठवली जाते, नोंद राहते ती फक्त घटनेची. आपल्याकडेही डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, स्वेच्छेने कळवण्याची सोय आहे, पण माझ्या हाताखालच्या एकाही लोडरला ती माहीत नव्हती.

डीजीसीएला आणि विमानतळ चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मराठीत आणि हिंदीत, साध्या फोनवरून बोलून कळवता येईल अशी सोय करा आणि तिचा नंबर कँटीनच्या भिंतीवर लावा. धोका कळवल्यामुळे झालेला उशीर हँडलिंग कंपनीच्या, म्हणजे जमिनीवरची ही कामं करणाऱ्या कंपनीच्या, माथी मारू नका. आपण होऊन सांगणाऱ्या माणसाला वर्षभर कामावरून काढता येणार नाही, ही अट प्रत्येक कंत्राटात घाला. त्यानंतरही एखाद्याला काढलं, तर त्याचं कारण कंत्राटदाराने डीजीसीएला लेखी द्यावं.

आपला,
एक निवृत्त रॅम्प सुपरवायझर,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई